चाळीसच्या वेगात मजा येते का? छोट्या स्पोर्टी हॅचबॅकची टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यावी

स्पोर्टी हॅचबॅक घ्यायची म्हटली की मित्रमंडळी सगळ्यात आधी विचारतात, "किती पळते?" रोज चालवायच्या गाडीबाबत हा प्रश्न फारसा कामाचा नाही. सकाळी नऊ वाजता सिंहगड रोडवर किंवा वाकडहून हिंजवडीकडे जाताना काटा तिसाच्या वर क्वचितच जातो, आणि गाडीचं बहुतेक आयुष्य तिथेच जातं. म्हणून मी वेगळा प्रश्न विचारतो : चाळीसच्या वेगात ही गाडी चालवायला मजा येते का? दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, कोपऱ्यावरच्या वळणाला, सिग्नल सुटल्यानंतरच्या पहिल्या शंभर मीटरमध्ये? तिथे आनंद देणारी गाडी रोज आनंद देते. शंभरच्या पुढे गेल्यावरच जागी होणारी गाडी कितीही दणकट असली, तरी ती रोजची सोबतीण होत नाही.

शोरूमच्या नेहमीच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. ठरलेला गुळगुळीत रस्ता, बाजूला सेल्समनचं अखंड बोलणं, मोठ्या आवाजात गाणी आणि वीस मिनिटांत परत. त्यामुळे एकाच गाडीच्या दोन टेस्ट ड्राइव्ह घ्या, असा माझा आग्रह आहे. एक मंगळवारची, म्हणजे तुमच्या ऑफिसच्या रस्त्यावर, गर्दीच्या वेळी. दुसरी रविवारची, म्हणजे सकाळी लवकर, एखाद्या छोट्या घाटात. दोन्हींत काय पाहायचं, ते पुढे क्रमाने सांगतो. मी पुण्यातला असल्यामुळे रस्ते पुण्याचे आहेत. तुम्ही तुमच्या गावचे धरा.

गाडी ठरवताना

आपल्याकडे खऱ्या अर्थाने स्पोर्टी म्हणाव्यात अशा छोट्या गाड्या मोजक्याच आल्या. ह्युंदाईची आय२० एन लाइन २०२१ मध्ये आली : ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा असलेलं) पेट्रोल इंजिन, १२० पीएस (म्हणजे साधारण तेवढीच हॉर्सपॉवर) ताकद, १७२ न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे चाकं फिरवणारा जोर), चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि साध्या आय२०पेक्षा कडक सस्पेन्शन (धक्के झेलणारी यंत्रणा). टाटाची अल्ट्रोझ रेसर २०२४ मधली. तिचं १.२ लिटरचं टर्बो इंजिनही १२० पीएसचंच आणि गिअरबॉक्स सहा गिअरचा मॅन्युअल. मारुतीची स्विफ्ट कागदावर या रांगेत बसत नाही, कारण २०२४ च्या मॉडेलची ताकद ८२ पीएसच आहे. पण तिचं वजन सव्वानऊशे किलोच्या आसपास आहे, आणि हलक्या गाडीची मजा वेगळी असते. टर्बो गाडी घ्यायला निघालेल्यांनीही स्विफ्ट एकदा चालवून पाहावी, असं मला मनापासून वाटतं. तुलनेला ती फार उपयोगी पडते.

वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात फोक्सवॅगन पोलोची जीटी टीएसआय अजून मागणीत आहे. चाकणच्या कारखान्यात तयार होणारी पोलो २०२२ मध्ये बंद झाली. रांजणगावला बनलेली अबार्थ पुंटो, २०१५ ची, १४५ हॉर्सपॉवरची, हे तर वेगळंच प्रकरण. वापरलेल्या गाडीसाठी काही जास्तीच्या गोष्टी तपासाव्या लागतात, त्या शेवटी पाहू.

टेस्ट ड्राइव्हच्या आधी इंजिनाचा स्वभाव समजून घ्या. टर्बो इंजिन पूर्ण टॉर्क खालच्या फेऱ्यांवर देतं. आय२० एन लाइनचा १७२ न्यूटन-मीटर टॉर्क १५०० ते ४००० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) पट्ट्यात मिळतो. स्विफ्टचं इंजिन साधं, म्हणजे बिनटर्बोचं, त्याचा ११२ न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क थेट ४३०० आरपीएमला येतो. याचा अर्थ टर्बो गाडी शहरात न पिळताही ढकलते, पण १५०० च्या खाली सुस्त वाटू शकते. साधं इंजिन खालून समान ओढतं, मात्र पिकअप हवा असेल तर गिअर पाडावाच लागतो. कोणाला गिअर पाडण्यातच मजा वाटते, कोणाला नाही. तुम्ही कोणत्या गटातले, हे शोधायलाच तर गाडी चालवायची.

शोरूमला फोन करताना "एन लाइनची टेस्ट ड्राइव्ह हवी" एवढंच सांगू नका. कोणतं इंजिन, कोणता गिअरबॉक्स, तेही विचारा. अनेकदा शोरूमकडे डेमो गाडी ऑटोमॅटिक असते आणि तुम्हाला मॅन्युअल हवी असते, किंवा साध्या आय२०ची चावी हातात देऊन "सर, चालवायला सेमच आहे" असं सांगतात. सेम नसते. सस्पेन्शन, स्टिअरिंगचं वजन, एक्झॉस्टचा आवाज, सगळं वेगळं. हवा तोच गिअरबॉक्स मिळेपर्यंत थांबा, लागलंच तर दुसऱ्या डीलरकडे जा. गाडी घरी पाठवण्याची सोय असेल तर तीच घ्या. तुमच्या सोसायटीचा रॅम्प आणि तुमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर हेच तुमच्यासाठी खरे परीक्षक.

गाडी सुरू करायच्या आधीची दहा मिनिटं

लायसन्स खिशात आहे ना, गाडीचा विमा चालू आहे ना आणि धक्का लागला तर खर्च कोणाचा, हे तीन प्रश्न आधी मिटवा. मग टायर पाहा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने सांगितलेल्या हवेचा स्टिकर असतो. डेमो गाडीत हवा बऱ्याचदा त्यापेक्षा जास्त असते आणि मग चांगलं सस्पेन्शनसुद्धा दगडासारखं लागतं. वाटेतल्या पंपावर हवा तपासून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. कमी-जास्त हवेवर घेतलेल्या टेस्ट ड्राइव्हवरून राइडबद्दल मत बनवू नये.

आता बसा. आधी सीटची उंची ठरवा, नंतर पायांचं अंतर : क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे. पाठ टेकवून हात सरळ पुढे केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं. स्टिअरिंग फक्त वर-खाली होतं की जवळ-लांबही, हे पाहा. नुसतंच वर-खाली होत असेल तर उंच माणसाला एक तर गुडघे वर घेऊन बसावं लागतं, नाहीतर हात ताणून. अशा बैठकीत अर्धा तास मजेत जातो, दीड तासाने खांदे दुखायला लागतात. डाव्या पायाला टेकायला जागा आहे का? घाटात वळणावर शरीर सावरायला तो पाय लागतो.

मागच्या सीटवर स्वतः जाऊन बसा, तेही तुमची ड्रायव्हिंग पोझिशन तशीच ठेवून. आणि घरात आई-बाबा असतील तर त्यांना सोबत न्या. आय२० आणि अल्ट्रोझ दोन्हींत माणूस बसताना खाली जातो आणि उतरताना गुडघ्यांवर जोर येतो. "ठीक आहे रे, जमेल" असं आई म्हणेल, पण उतरताना तिने दाराची चौकट किती घट्ट धरली, तिकडे लक्ष द्या.

मंगळवार : गर्दीतली टेस्ट

गाणी बंद करा, एसी चालू ठेवा. बाजूच्या सेल्समनला आधीच सांगून टाका, "पंधरा मिनिटं मी शांतपणे चालवतो, मग सगळं विचारतो." बहुतेक जण समजून घेतात.

पहिला मुद्दा क्लच. तो जड आहे का, त्यापेक्षा तो कुठे पकडतो ते महत्त्वाचं. पेडल अर्ध्यावर असताना हळूहळू पकडणारा क्लच गर्दीत सोपा जातो. अगदी वरती, एकदम पकडणारा क्लच प्रत्येक सिग्नलला डोकं खातो. पहिल्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता गाडी सरकवून पाहा. तीन सिलिंडरच्या इंजिनात या वेळी थरथर जाणवते, सीटमधून आणि गिअरच्या दांड्यातून. ती तुम्हाला चालेल का, ते आत्ताच ठरवा.

मग टर्बो लॅग, म्हणजे पाय दाबल्यापासून टर्बोचा जोर मिळेपर्यंतचा उशीर. पुढचा रस्ता मोकळा मिळाला की तिसऱ्या गिअरमध्ये पंचवीस-तीसच्या वेगात गाडी स्थिर ठेवा आणि पाय खाली दाबा. गाडी ओढायला लागेपर्यंत मनात मोजा. एकाच्या आत ओढली तर उत्तम. दोन मोजून झाले तरी काही घडत नसेल, तर रोजच्या रस्त्यावर तुम्हाला सारखा गिअर पाडावा लागणार. हाच प्रयोग दुसऱ्या गिअरमध्ये पंधराच्या वेगात करा, कारण रिक्षा आडवी आल्यावर आपण नेमक्या याच वेगाला येतो आणि तिथून पुन्हा उचल घेतो. छोट्या टर्बो गाडीचा सगळा शहरी स्वभाव या दोन प्रयोगांत कळतो. माझ्या दृष्टीने संपूर्ण टेस्ट ड्राइव्हचा हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून तो एकदा करून सोडू नका. एसी पूर्ण चालू असताना करा, मागे दोन माणसं बसवून करा.

ऑटोमॅटिक पाहत असाल तर गिअरबॉक्सचा प्रकार नीट विचारून घ्या. आय२० एन लाइनला सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच स्वतःच चालवणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. मोकळ्या रस्त्यावर त्याचे गिअर झटकन बदलतात, स्टिअरिंगमागच्या पॅडलनी हवे तसे पाडताही येतात. पण आत क्लचच आहेत. बंपर-टू-बंपर गर्दीत गाडी दोन-दोन फूट सरकवत राहिलं की ते मॅन्युअलच्या हाफ क्लचसारखे घासतात आणि तापतात. म्हणून तपासा : ब्रेक सोडल्यावर गाडी अलगद सरकते की झटका देते? सरकता सरकता पुन्हा थांबवली तर अडखळते का? आणि चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय असेल तर ती सोडावी लागेल, ब्रेकच दाबून धरायचा. तुमचा रोजचा रस्ता तासभर रांगत जाण्याचा असेल, तर माझं मत मॅन्युअलच्या बाजूचं आहे. क्लच दाबून पाय दुखेल हे खरं. पण गाडी कधी किती सरकेल, हे तुमच्या हातात राहतं.

स्पीडब्रेकर आणि खड्डे

स्पोर्टी गाडी परत विकून टाकण्यामागे पिकअपपेक्षा जास्त वेळा पाठदुखी असते. तेव्हा इथे घाई नको.

टायरचा आकडा वाचायला शिका. आय२० एन लाइनच्या टायरवर १९५/५५ आर१६ लिहिलेलं असतं. म्हणजे टायरची रुंदी १९५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ५५ टक्के, साधारण १०७ मिलिमीटर. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलचा टायर १८५/६५ आर१५, भिंत १२० मिलिमीटर. खालच्या मॉडेलचा १६५/८० आर१४, भिंत १३२ मिलिमीटर. ही भिंत रबर आणि हवेची गादीच असते. ती जितकी कमी, तितकं वळणावर स्टिअरिंग नेमकं आणि खड्ड्यात धक्का थेट. रिमला मार बसण्याची शक्यताही तेवढी जास्त. शोरूममध्ये मोठी अलॉय व्हील्स देखणी दिसतात. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर मात्र पंधरा इंची चाक शहाणपणाचं, असं मला वाटतं.

प्रत्यक्ष चाचणी अशी : एकच स्पीडब्रेकर तीन वेगांनी ओलांडा. आधी दहा, मग वीस, मग रस्ता आणि मागची वाहनं पाहून तीस. धक्का बसणारच. तो एकदा बसून गाडी शांत झाली तर सस्पेन्शन कडक असलं तरी चांगलं आहे. धक्क्यानंतर गाडी पुन्हा वर-खाली डुलत राहिली, किंवा मागून 'धड्' असा कोरडा आवाज आला, तर ते चांगलं लक्षण नव्हे. कडकपणा आणि खडबडीतपणा यांतला फरक कानाने लवकर कळतो. नंतर पेव्हर ब्लॉकचा एखादा पट्टा गाठा आणि तीसच्या वेगात जा. बारीक खडखड स्टिअरिंगपर्यंत पोचते की टायरमध्येच विरते, हे तिथे समजतं.

हे सगळं मागच्या सीटवर बसूनही एकदा अनुभवा, गाडी दुसऱ्याला चालवायला देऊन. मागचं सस्पेन्शन पुढच्यापेक्षा जास्त आपटतं आणि ड्रायव्हरला त्याचा पत्ताच नसतो. चार माणसं बसल्यावर तुमच्या गल्लीतल्या सगळ्यात उंच स्पीडब्रेकरला पोट घासतं का? सोसायटीच्या तळघरात उतरताना पुढचा बंपर टेकतो का? एन लाइन किंवा रेसरसारख्या गाड्यांना बंपरखाली सजावटीच्या पट्ट्या असतात, त्या आधी लागतात.

त्याच रॅम्पवर, वर येताना मध्येच गाडी थांबवा आणि पुन्हा उचला. हिल होल्ड (चढावर थोडा वेळ ब्रेक धरून ठेवणारी सोय) गाडीला मागे जाऊ न देता किती वेळ धरून ठेवतं, क्लच करपल्याचा वास येतो का, तेवढं पाहून पुढे चला.

रविवार : घाट

दुसरी टेस्ट ड्राइव्ह सकाळी लवकर घ्या. शोरूम त्या वेळी उघडत नसेल, तर आदल्या संध्याकाळी बोलून ठेवा. खरी खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकासाठी बरेच डीलर सोय करतात. पुण्यात मी कोंढव्याकडून येवलेवाडीमार्गे सासवडला जाणारा बोपदेव घाट सुचवीन. चढ दमदार, वळणं घट्ट, आणि वेग आपोआप तीस ते पन्नासच्या पट्ट्यात राहतो. सकाळी तिथे सायकलवाले भरपूर असतात, त्यांना अंतर ठेवूनच ओलांडायचं. ठाण्यात येऊरचा रस्ता, साताऱ्यात यवतेश्वरचा घाट, कोल्हापुरात पन्हाळ्याचा चढ यांचाही तसाच उपयोग होईल. बायपासवर कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा लांब उतार मात्र या कामासाठी कधीही वापरू नका. तिथे अवजड ट्रक मागून येत असतात आणि अपघातांसाठी तो उतार कुप्रसिद्ध आहे.

एक नियम आधीच ठरवून घ्या : आपली लेन सोडायची नाही आणि टायर किंचाळेपर्यंत जायचं नाही. जे कळायला हवं, ते सारं त्याच्या खूप आधी कळतं.

चढताना दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात टाका. तिसऱ्यात गाडी धापा टाकते की दमाने चढत राहते? टर्बोचा टॉर्क इथे खरा कामाला येतो. एसी बंद करायची वेळ येता कामा नये. गिअरचा दांडा हातात कसा बसतो, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना घोटाळा होतो का, तिसऱ्यातून दुसऱ्यात पाडताना अडतो का, याकडे लक्ष द्या. रोजच्या गाडीत मजेचा फार मोठा वाटा गिअरच्या दांड्याचा असतो. चांगला दांडा हलकासा 'टक' असं सांगून जागेवर बसतो आणि मग कारण नसतानाही गिअर बदलावासा वाटतो. आय२० एन लाइनला २०२१ मध्ये क्लच पेडल नसलेला आयएमटी गिअरबॉक्स होता. २०२३ मध्ये त्याच्या जागी सहा गिअरचा खरा मॅन्युअल आला. माझ्या मते त्या गाडीत झालेला हा सगळ्यात चांगला बदल.

वळणाकडे येताना वेग सरळ रस्त्यावरच कमी करा, गिअर पाडा, मग स्टिअरिंग वळवा. आता तीन गोष्टींकडे लक्ष द्या. स्टिअरिंग वळवल्याबरोबर नाक वळतं की क्षणभर थांबून वळतं? वळताना गाडी बाजूला किती कलते, आणि त्यापेक्षा महत्त्वाचं, एकदा कलली की त्याच कोनात स्थिर राहते की आणखी कलत जाते? आणि वळणाच्या मध्येच खड्डा किंवा उंचवटा आला तर गाडी रेषा सोडून बाहेर फेकल्यासारखी होते का? आपल्या घाटांत वळणातले खड्डे हा नेहमीचाच अनुभव, त्यामुळे शेवटची परीक्षा सगळ्यात मोलाची. नुसतीच कडक गाडी तिथे उडी मारते. नीट घडवलेली गाडी धक्का देते, पण वाट सोडत नाही.

वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबा. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या ताकदवान गाडीत स्टिअरिंग हातात डावी-उजवीकडे ओढल्यासारखं वाटू शकतं. १२० पीएसच्या गाडीत ते किंचित असावं. जास्त वाटलं तर आधी टायरची हवा पाहा.

स्टिअरिंगचं वजन हा वादाचा विषय आहे. जड म्हणजे स्पोर्टी, असं बरेच जण समजतात. इलेक्ट्रिक स्टिअरिंगला वजन मुद्दाम भरता येतं, त्यावरून पुढच्या चाकांखाली काय चाललंय ते कळेलच असं नाही. मला हलकं पण नेमकं स्टिअरिंग चालतं. पार्किंगमध्ये हलकं, साठ-सत्तरच्या वेगात थोडं भरलेलं आणि मधल्या स्थितीत ढिलं नसलेलं, एवढं पुरेसं.

ब्रेक

घाट चढून गेलात की वरच्या सपाट, मोकळ्या रस्त्यावर ब्रेक तपासा. आरशात मागे कोणी नाही याची खात्री करा, गाडीतल्या सगळ्यांना आधी सांगा, पट्टे लावलेले असू द्या. ताशी पन्नासवरून एकदम जोरात ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवा. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू झालं की पेडल पायाखाली थरथरतं. ते नैसर्गिक आहे, पाय काढायचा नाही. गाडी सरळ थांबली का? नाक किती खाली गेलं? आयुष्यात पहिल्यांदा एबीएस अनुभवायची वेळ खऱ्या अपघाताची नसावी, त्यासाठीही ही चाचणी करावी.

रोजच्या वापरात मात्र ब्रेकच्या पहिल्या सेंटिमीटरचं महत्त्व जास्त. पायाने अलगद दाबल्यावर गाडी अलगद मंदावली पाहिजे. आधी काहीच नाही आणि मग एकदम पकड, अशा ब्रेकने गर्दीत प्रवाशांच्या माना हलतात. घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहा, वेगाचं काम इंजिनाला करू द्या आणि खाली पोचल्यावर पेडल सुरुवातीइतकंच घट्ट आहे का, ते पाहा.

महामार्गाचा छोटा तुकडा

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर कारची सपाट भागातली मर्यादा ताशी शंभर आहे, त्यामुळे तपासायचं तेही शंभरपर्यंतच. चौथ्या गिअरमध्ये साठवरून नव्वदवर जायला किती वेळ लागतो, म्हणजे ट्रक ओलांडायला किती जागा लागेल, हे एकदा पाहा. शंभरवर शेवटच्या गिअरमध्ये इंजिन किती फेऱ्यांवर फिरतं, टायरचा आवाज किती येतो, बाजूच्या माणसाशी साध्या आवाजात बोलता येतं का, एवढं नोंदवा. रुंद टायर काँक्रीटच्या रस्त्यावर घोंघावतात. एक्झॉस्टचा जो आवाज शहरात गोड वाटला, तोच दोन तास सतत ऐकवेल का, याचाही विचार करा.

घरी आल्यावर

गाडीतून उतरल्या उतरल्या फोनवर स्वतःच्या आवाजात दोन मिनिटं बोलून ठेवा : काय आवडलं, काय खटकलं. लिहायला बसलं की आपण ब्रोशरची भाषा लिहू लागतो. त्याच दिवशी, शक्य झालं तर तासाभरात, साधी आय२० किंवा स्विफ्ट चालवा. स्पोर्टी मॉडेलसाठी मोजायचे जादा पैसे कशाचे आहेत, इंजिनाचे की लाल शिलाईच्या सीटांचे, हे दोन्ही एकापाठोपाठ चालवल्याशिवाय कळत नाही.

मग हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे. त्याआधी तो २८ टक्के आणि वर १ टक्का उपकर असा होता. म्हणून कुठल्याही जुन्या लेखातली किंमत धरून बसू नका. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के रोड टॅक्स बसतो. या गटातल्या गाड्या नेमक्या दहा लाखांच्या आसपास घुटमळतात, त्यामुळे एक मॉडेल वर गेल्यावर ऑन-रोड किंमत अपेक्षेपेक्षा जास्त वाढू शकते. थर्ड पार्टी विम्यात १००० सीसीच्या आतल्या गाड्यांचा गट वेगळा आणि स्वस्त आहे. ९९८ सीसीची आय२० त्यात बसते, १.२ लिटरवाल्या बसत नाहीत.

अ‍ॅव्हरेजबद्दल स्वतःची फसवणूक नको. टर्बो इंजिन हळू चालवलं तर चांगलं अ‍ॅव्हरेज देतं, पण ही गाडी तुम्ही हळू चालवायला घेत नाही आहात. टेस्ट ड्राइव्हच्या सुरुवातीला ट्रिप मीटर शून्य करा आणि गर्दीतल्या तुकड्याचा आकडा वेगळा नोंदवून ठेवा. तुमच्या पेट्रोलच्या खर्चाचा अंदाज त्यावरूनच बांधा. सोळा इंची टायरच्या एका जोडीची किंमतही टायरच्या दुकानात विचारून घ्या.

वापरलेली पोलो जीटी किंवा अबार्थ पाहत असाल तर मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. इंजिन थंड असताना सुरू करून पाहिलं की धूर, खडखड आणि टर्बोची शिट्टी लपत नाही. जुन्या जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटरचं इंजिन आणि सात गिअरचा ड्युअल क्लच होता. २०२० नंतरच्या १.० लिटरवालीत सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक आहे. दोन्हींचं नाव एकच असलं तरी स्वभाव वेगळा. जुनीला गर्दीत आणि चढावर किमान अर्धा तास चालवा, गरम झाल्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके येतात का ते पाहा आणि स्कॅनर लावून गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचून घ्या. टायरच्या भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का असतो. '२३२१' म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायरांचे शिक्के वेगवेगळे असतील तर का, ते विचारा. अबार्थसारख्या कमी विकल्या गेलेल्या गाडीचे सुटे भाग तुमच्या शहरात कोण देतं, हे व्यवहाराच्या आधी शोधा. या गाड्या ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलच्या आधीच्या आहेत, तेव्हा गाडीच्या माहितीपुस्तिकेत इथेनॉलबद्दल काय लिहिलंय तेही वाचून घ्या.

नव्या गाडीचं बुकिंग करताना फॉर्मवर मॉडेल, इंजिन, गिअरबॉक्स, रंग आणि उत्पादनाचा महिना-वर्ष स्पष्ट लिहून घ्या, टोकन परत मिळण्याच्या अटीसह. गाडी यार्डात आली की नोंदणीच्या आधी जाऊन चासी नंबर, ओडोमीटर, टायरांवरचे शिक्के आणि रिमच्या कडा दिवसाउजेडी तपासा. डेमो म्हणून चालवलेली गाडी तर नाही ना, हे तिथेच विचारून टाका.